बरे तास तेवढे दिसतात

"तुझ्याकडे बघून वाटत नाही हं!" हे वाक्य बहुतेक वेळा कौतुकानंच म्हटलेलं असतं. म्हणणाऱ्याला खरोखर बरं वाटलेलं असतं. ऐकणाऱ्याची मात्र पंचाईत होते. आभार मानावेत, की आपण खरंच आजारी आहोत हे पटवून द्यावं? मी गेली कित्येक वर्षं त्यावर नुसता हसतो, आणि माझं ते हसणं समोरच्याच्या बाजूनं आणखी एक पुरावा ठरतं.

मला अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस आहे. नाव जड असलं तरी अर्थ सोपा आहे. पाठीचा कणा आणि तो जिथे कमरेच्या हाडांना जोडलेला असतो ते सांधे, यांना शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती सूज आणते. एरवीची पाठदुखी आराम केला की कमी होते, ही आराम केला की वाढते. त्यामुळे पहाटे तीन-चारला जाग येते, कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागते आणि उठल्यावर कंबर लाकडाची झालेली असते. मग चालायचं. तासभर चाललं की सांधे जरा सैल होतात. आता हेच शेजाऱ्यांच्या बाजूनं बघा. उजाडायच्या आत रस्त्यावर झपाझप चालणारा माणूस त्यांना दिसतो. "व्यायामाची भारी आवड तुम्हाला," असं ते म्हणतात. त्यांनी पाहिलेलं खोटं नाही. फक्त ते ज्याला तब्येतीची खूण समजतात, तो माझा औषधाचा डोस असतो.

न दिसणाऱ्या दीर्घ आजारांबद्दल समजून घ्यायचं ते बरंचसं इथेच आहे. आजारी माणूस लोकांना भेटतो तो त्याच्या बऱ्या तासांत. वाईट तासांत तो घरात असतो, दार लोटलेलं असतं, फोन वाजून वाजून बंद पडलेला असतो. म्हणजे बघणाऱ्याकडे जमा होणारा सगळा पुरावा एकाच बाजूचा. दहा भेटींत दहाही वेळा माणूस ठीक दिसला, तर अकराव्या वेळचं "आज नाही जमणार" हा बहाणा वाटणारच. यात बघणाऱ्याचं मन कोतं असतं असं नाही. त्याच्या हाती आलेला नमुनाच निवडक असतो, आणि निवडणारा असतो खुद्द आजारी माणूस.

दिसत नाही, म्हणजे कशानं?

अशा आजारांची यादी मोठी आहे. ल्युपस, क्रोन्स, अल्सरेटिव्ह कोलायटिस, मल्टिपल स्क्लेरोसिस, एन्डोमेट्रिओसिस, मायग्रेन, अपस्मार, फायब्रोमायल्जिया, टाइप १ मधुमेह, कोविडनंतर महिनोन्महिने रेंगाळणारा आजार, नैराश्य. यातला कुठलाही दुर्मीळ म्हणून बाजूला सारावा असा नाही. एकट्या एन्डोमेट्रिओसिसचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज मूल होण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रिया असा आहे.

पण 'न दिसणं' हा आजाराचा गुण नव्हे. तो बघण्याच्या साधनाचा प्रश्न आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसचं सविस्तर वर्णन पॅरिसमध्ये ज्याँ-मार्टिन शार्को यांनी १८६८ साली केलं. मेंदूत आणि मज्जारज्जूत पडलेले कठीण डाग त्यांना दिसले ते शवविच्छेदनात. जिवंत माणसाच्या डोक्यात तेच डाग बघता यायला १९८०च्या दशकातलं एमआरआय यावं लागलं. मधल्या शंभरेक वर्षांत हातापायाला मुंग्या येऊन बधिरता येणारी, आणि काही आठवड्यांनी पुन्हा ठीक होणारी माणसं, त्यातही विशेष करून बायका, 'उन्माद' या शिक्क्याखाली खपून गेली. डाग तेव्हाही होतेच.

जठराच्या अल्सरची गोष्ट तर आणखी मासलेवाईक. काळजी फार करतो, चिडका आहे, म्हणून अल्सर झाला असं डॉक्टरही सांगायचे. १९८२च्या सुमारास ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांनी त्यामागचा जिवाणू शोधला. कुणी ऐकेना म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूचं द्रावण स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. तोवर किती जणांनी आपल्या स्वभावाला दोष देत दिवस काढले असतील, याचा हिशेब कुणाकडे नाही.

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत" या वाक्याकडेही याच नजरेनं बघायला हवं. तपासणी जो प्रश्न विचारते तेवढ्याचंच उत्तर देते. माझ्याच आजाराचं बघा. एचएलए-बी२७ नावाच्या जनुकाशी त्याचं नातं १९७३ मध्ये उघड झालं. बहुतेक रुग्णांत ते जनुक सापडतं, पण ज्यांच्यात ते सापडतं त्यातल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. रक्तातली सूज मोजणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या चाचण्या आजार जोरात असतानाही बऱ्याच जणांत नॉर्मल येतात. क्ष-किरणात सांध्यांचा बदल दिसायला काही वर्षं जावी लागतात, म्हणजे हाडानं साक्ष देईपर्यंत माणसाची साक्ष कच्चीच. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी सहा-सात वर्षं जातात ती याच कारणानं. मला आठ लागली. अपस्मारात दोन झटक्यांच्या मधे काढलेला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, पूर्ण नॉर्मल असू शकतो. मायग्रेनला तर रक्ताची तपासणीच नाही. डॉक्टर ऐकून घेतात आणि ऐकलेल्यावरून निदान करतात.

तेव्हा नॉर्मल रिपोर्टचा अर्थ 'जिथे शोधलं तिथे सापडलं नाही' इतकाच. ही बातमी चांगलीच असते, त्यामुळे काही भयंकर शक्यता मागे पडतात. पण "तुला काही झालेलं नाही" हे वाक्य त्या कागदावर कुठेही छापलेलं नसतं.

थकवा, पण झोपेनं न जाणारा

"थकतो रे, आम्हीही थकतो." हे ऐकलं नाही असा दीर्घ आजारी माणूस मला भेटलेला नाही. बोलणाऱ्याचं खरंच असतं. पण शब्द एक असला तरी वस्तू दोन आहेत.

फ्लूचा ताप आठवा. अंग मोडून आलेलं, पांघरुणातून हात बाहेर काढवत नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, पुस्तकाचं पान पुढं सरकत नाही. हे सगळं विषाणू थेट करतो असं आपण समजतो. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं आपलीच प्रतिकारशक्ती घडवून आणते. संसर्ग झाला की पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. ती रक्तातून आणि मज्जातंतूंमार्फत मेंदूला निरोप देतात: पडून राहा, शक्ती वाचव, बाकी सगळं बंद. प्राण्यांमध्येही हे होतं. आजारी जनावर कोपऱ्यात निपचित पडून राहतं ते याच हुकमानं. आठवड्याभरात लढाई संपते आणि हुकूम मागे घेतला जातो.

संधिवात, ल्युपस, क्रोन्स अशा आजारांत लढाई संपतच नाही, कारण शत्रू म्हणून धरलेलं असतं ते आपलंच शरीर. म्हणून पडून राहण्याचा हुकूम कधी कमी, कधी जास्त आवाजात चालूच राहतो. दिवसभराच्या कामानं आलेल्या थकव्यावर झोप हे औषध आहे. या थकव्यावर नाही, कारण तो कामाचा नाहीच. दहा तास झोपून उठलेला माणूस "थकलोय" म्हणतो तेव्हा तो अतिशयोक्ती करत नसतो.

त्याहून चमत्कारिक प्रकार दीर्घ थकवा विकारात, म्हणजे एमई/सीएफएसमध्ये आणि कोविडनंतरच्या आजारातल्या बऱ्याच जणांत दिसतो. तिथे श्रमाचा फटका लगेच बसत नाही. आज मित्रांबरोबर दोन तास छान गेले, परवा सकाळी अंथरुणातून उठता येत नाही. हा फटका अनेकदा १२ ते ४८ तासांनी येतो आणि काही दिवस, कधी काही आठवडे टिकतो. श्रम म्हणजे डोंगर चढणंच नव्हे. आंघोळ, लांबलेला फोन, मन लावून केलेली गणितं, एवढंही पुरतं. मित्रांना आठवतात ते छान गेलेले दोन तास. परवाची सकाळ त्यांनी पाहिलेलीच नसते.

हे समजावायला २००३ पासून इंग्रजीत चमच्यांची एक उपमा फार चालते. रोज सकाळी मोजकेच चमचे हाती येतात, प्रत्येक कामाला एक द्यायचा आणि संपले की संपले. मला ती उपमा थोडी अपुरी वाटते. चमचे संपले की माणूस थांबतो असं तिच्यात गृहीत आहे. खऱ्या आयुष्यात थांबता येत नाही. माणूस उद्याकडून उसने घेतो, आणि ही उसनवारी सावकारी व्याजाची असते. मित्राच्या आनंदाच्या दिवशी हजर राहायचं म्हणून आधीचे दोन दिवस राखून ठेवायचे आणि नंतरचे तीन दिवस फेडीत घालवायचे. फोटोत दिसतो तो मधला दिवस.

इथे एक आडवळण घेतो, कारण "जरा व्यायाम कर, बघ कसा फरक पडतो" हा सल्ला फार प्रेमानं दिला जातो. माझ्या आजारात तो शंभर टक्के बरोबर आहे. व्यायाम नसेल तर नुसत्या औषधांवर भागत नाही. एमई/सीएफएसमध्ये मात्र ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची जुनी पद्धत ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२१च्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली, कारण अनेक रुग्णांनी त्यानं आपली अवस्था बिघडल्याचं सांगितलं होतं. बाहेरून बघता आम्ही दोघंही 'सारखे थकलेले, दिसायला ठीकठाक'. एकाचं औषध ते दुसऱ्याचं अपथ्य. कुठला आजार आहे हे नीट माहीत नसताना दिलेला सल्ला म्हणूनच जपून द्यावा. खरं तर देऊच नये.

वेदना चेहऱ्यावर का येत नाही

बोट दारात सापडलं की माणूस कळवळतो, घाम फुटतो, नाडी जोरात चालते. हा शरीराचा गजर. पण तीन महिने, तीन वर्षं, तेरा वर्षं गजर वाजत ठेवणं शरीराला परवडत नाही. वेदना राहते, तिची बाहेरची लक्षणं विरत जातात. म्हणून दीर्घ वेदनेतला माणूस विनोद करतो, बैठकीत मुद्दे मांडतो, मुलांचा अभ्यास घेतो, आणि त्याच वेळी दहापैकी सहाची वेदना सोसत असतो. "एवढं दुखत असतं तर हसला असता का?" या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे.

वेदनेची आंतरराष्ट्रीय व्याख्या १९७९ मध्ये ठरली आणि २०२० मध्ये सुधारली गेली. तिच्यात वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा मिळून अनुभव मानला आहे. सोबत एक टीपही आहे, ती मला फार मोलाची वाटते: माणूस आपला अनुभव वेदना म्हणून सांगत असेल तर त्या सांगण्याचा मान राखावा. फायब्रोमायल्जियासारख्या आजारांत ऊतींना इजा झालेली सापडत नाही. तिथे वेदना वाहून नेणारी आणि तिचा अर्थ लावणारी यंत्रणाच अतिसंवेदनशील झालेली असते, आवाज मोठा करायचं बटण अडकून बसावं तशी. १९९० साली ठरलेल्या निकषांत या आजारासाठी डॉक्टरांनी अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबून बघायच्या होत्या आणि त्यातल्या ११ तरी दुखायला हव्या होत्या. २०१०च्या निकषांतून हे दाबणं गेलं. त्याऐवजी कुठे कुठे दुखतं, झोप कशी लागते, थकवा किती, विसरायला होतं का, हे विचारायचं ठरलं. बोटानं दाबून मिळत नव्हतं ते प्रश्नानं मिळू लागलं.

"म्हणजे मनाचंच ना?" हा त्यावरचा हमखास प्रश्न. मेंदूतून घडणारी गोष्ट खोटी असते असं त्यात गृहीत धरलेलं असतं. दीर्घ आजारासोबत नैराश्य येण्याचं प्रमाण जास्त असतं हे खरं, आणि ताणानं बरेच आजार उसळतात हेही खरं. पण नैराश्य हा स्वतःच न दिसणारा आजार आहे. एकाकडे बोट दाखवून दुसरा खोटा ठरत नाही.

एक गोष्ट मला आजही गमतीची वाटते. माझ्या आजारात बऱ्याच जणांना डोळ्याच्या मधल्या थराला सूज येते. मलाही एकदा आली. डोळा लालबुंद, पाणी वाहतंय, काळा चष्मा लावल्याशिवाय उजेड सहन होत नव्हता. तीन आठवडे ओळखीपाळखीचे सगळे आस्थेनं विचारपूस करत होते. सुट्टीही न मागता मिळाली. डोळा बरा झाला, विचारपूस थांबली. कण्याची सूज मात्र त्या तीन आठवड्यांच्या आधीही होती आणि नंतरही.

रोजचं मढं

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅलकट पार्सन्स यांनी १९५१ साली आजारपणाकडे एक करार म्हणून बघितलं. आजारी पडलं की समाज माणसाला कामातून सूट देतो आणि आजाराचा दोष त्याच्या माथी मारत नाही. बदल्यात त्यानं बरं व्हायची इच्छा धरायची, डॉक्टरांचं ऐकायचं आणि लवकरात लवकर कामावर रुजू व्हायचं. हाड मोडलं, टायफॉइड झाला, तर करार दोन्ही बाजूंनी पाळला जातो. लोक भेटायला येतात, डबे येतात, सहा आठवड्यांनी सगळं पूर्ववत.

दीर्घ आजारी माणसाला या करारातलं शेवटचं कलम पाळताच येत नाही. तो बरा होत नाही आणि मरतही नाही. अशा माणसाचं काय करायचं याचा नमुनाच समाजाकडे नाही. आपल्याकडे एक म्हण आहे, रोजचं मढं त्याला कोण रडे. ती कठोर वाटते, पण मला तिच्यात दुष्टपणा दिसत नाही. माणसांच्या सहानुभूतीचा साठाही मोजकाच असतो. तो अचानक आलेल्या संकटासाठी बनलेला आहे, अकराव्या वर्षातल्या मंगळवारसाठी नाही.

म्हणून "बरा झालास का?" हा प्रश्न सगळ्यात अवघड. हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर समोरचा हिरमुसतो, जणू आपण त्याच्या शुभेच्छा वाया घालवल्या. "आज कसं आहे?" याला उत्तर देता येतं. एका शब्दाचा फरक आहे, पण 'आज' म्हटलं की उद्याचं काही कबूल करावं लागत नाही.

सांगायचं की झाकायचं

समाजशास्त्रज्ञ एर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये कलंकाबद्दल लिहिताना दोन तऱ्हेची माणसं वेगळी केली. काहींचं वेगळेपण दिसतंच, त्यांना लोकांच्या नजरेला तोंड द्यावं लागतं. काहींचं दिसत नाही, त्यांना माहिती सांभाळावी लागते: कुणाला सांगायचं, किती, केव्हा. न दिसणारा आजार या दुसऱ्या गटात मोडतो, आणि ते सांभाळणं हे एक कामच होऊन बसतं. नव्या नोकरीच्या मुलाखतीत झाकली मूठ सव्वा लाखाची वाटते. सहा महिन्यांनी मूठ उघडावी लागली की "आधी का नाही सांगितलं?" आधी सांगितलं असतं तर नोकरी मिळाली असती का, हे कुणी विचारत नाही.

डॉक्टरांकडेही हीच कसरत असते. नीटनेटकं जाऊन शांतपणे बोललं तर 'फारसं काही दिसत नाही'. रडू आलं तर 'फार टेन्शन घेता तुम्ही'. नेमकं किती विस्कटलेलं जावं म्हणजे खरं वाटेल, याचा अंदाज घेत मी आरशासमोर उभा राहिलोय, आणि मग स्वतःचीच लाज वाटून केस विंचरलेत.

यातून मला सुटका मिळाली ती एका साध्या प्रश्नावलीनं. माझ्या आजाराची तीव्रता मोजायला १९९४ पासून बासदाई नावाची पद्धत वापरतात. तिच्यात सहा प्रश्न आहेत. गेल्या आठवड्यात थकवा किती, पाठ, मान, कंबर किती दुखली, इतर सांधे कसे होते, दाबलं की कुठे दुखतं, सकाळचा ताठरपणा किती आणि तो किती वेळ टिकला. प्रत्येकाला शून्य ते दहा. सगळ्यांची मिळून सरासरी चार किंवा त्याहून वर गेली तर आजार जोरात आहे असं धरतात, आणि महागडी, प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं सुरू करायची की नाही हे ठरवताना तो आकडाही पुढ्यात असतो. मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसलो. एवढा मोठा निर्णय, आणि त्यातला एक मोठा भाग मी काय सांगतो यावर.

तेव्हापासून मी डॉक्टरांना "खूप दुखतं" असं सांगत नाही. ताठरपणा ऐंशी मिनिटं, रात्री तीनदा जाग, बूट बसून घालावे लागले, जिना एकदाच चढलो, असं वहीत लिहून नेतो. दुसऱ्या आजारांतही हे चालतं. मायग्रेनवाल्यांनी महिन्यातले दिवस मोजावेत. उभं राहिलं की छाती धडधडते असं वाटणाऱ्यांनी आडवं असतानाची आणि उभं राहिल्यावर दहा मिनिटांत वाढलेली नाडी लिहून ठेवावी. पॉट्स या विकारात प्रौढांत ती ३० ठोक्यांनी किंवा त्याहून जास्त वाढते, तेही रक्तदाब फारसा न पडता. असा माणूस खुर्चीत बसलेला असताना ठणठणीत दिसतो आणि रांगेत पाच मिनिटांत भोवळून बसतो.

जवळच्या माणसांकडून फार काही लागत नाही. न मागता उपचार सुचवू नयेत. आयत्या वेळचा नकार मनाला लावून घेऊ नये, आणि चार नकारांनंतर पाचव्यांदा बोलवायचं थांबू नये. "काही लागलं तर सांग" यापेक्षा "शनिवारी सामान आणायला चाललोय, तुझी यादी पाठव" हे शतपटीनं उपयोगी, कारण आधीच्या वाक्यात मागायचं काम आजारी माणसाकडेच राहतं.

माझा एक जुना मित्र आहे. माझ्या आजाराबद्दल त्यानं काही वाचलंय असं मला वाटत नाही, नावही त्याला धड उच्चारता येत नाही. पण भेटायचं ठरलं की तो आधी विचारतो, "आज बसायचं की चालायचं?" मी म्हणतो, चालू या. मग दोघं चालत गप्पा मारतो. मधे मी थांबलो की तोही थांबतो, आणि जे बोलत असतो ते तसंच पुढे चालू ठेवतो.